खोलीचे तापमान

२१ एप्रिल

निवृत्त झाल्यावर काहीही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून इतके पंचनामे लिहिले की बोटाला घट्टा पडला. पण आज घरात एक पेटी आली आहे. उद्या तिच्यावरून दोन घरांत वाद निघाला तर कधी काय झालं ते कागदावर असलेलं बरं. प्रेमलाच्या, म्हणजे बायकोच्या, स्मरणशक्तीवर मी विसंबत नाही. तिला माझे अपराध तेवढे तारखेसकट आठवतात.

तर झालं असं. आमची उर्वी आज पुण्याहून बाळंतपणाला आली. सातवा सरत आलाय, आठव्यात प्रवास नको, म्हणून प्रेमलाने टुमणं लावलं होतं. जावई हृषीकेशराव गाडी घेऊन सोडायला आले. पुढच्या सीटवर उर्वी, मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली एक पांढरी पेटी. उर्वी आपली आपण उतरली. पेटीला जावयांनी दोन्ही हातांनी उतरवलं आणि म्हणाले, "आमच्या बाबांचा निरोप आहे, ही फक्त तुमच्याच हातात द्यायची."

आमचे व्याही सुबोधराव माझ्याशी जरा जपूनच वागतात. लग्नात त्यांनी आणलेल्या पेढ्यांचा एक पुडा मी सहज काट्यावर ठेवून बघितला होता. सहजच. तरी त्यांनी एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर टाकली, याचा मला मनापासून आनंद झाला.

पेटीत सध्या काही नाही. एक पिशवी, सुई, नळ्या. बाळ झालं, नाळ कापली की नाळेत जे रक्त उरतं ते या पिशवीत भरायचं. मग कंपनीचा माणूस ते घेऊन जाणार आणि त्यांच्या बँकेत वर्षानुवर्षं गोठवून ठेवणार. त्या रक्तात मूळपेशी असतात म्हणे, आणि पुढे कधी मोठा आजार झाला तर त्या कामी येतात. बँक म्हटल्यावर मी सावध झालो. सोलापुरात या शब्दाने पोळलेली माणसं पुष्कळ आहेत. पण माहितीपत्रक जाड कागदाचं आहे.

पत्रकात शेवटी एक सूचना आहे. 'किट खोलीच्या तापमानाला ठेवावे. फ्रीजमध्ये ठेवू नये.'

२२ एप्रिल

खोलीच्या तापमानाला म्हणजे किती? आणि कुठल्या खोलीच्या? बार्शीच्या बाजारात एक आडत्या मला "किलोभर असेल की" म्हणाला होता, मी त्याचा काटा जप्त केला. आणि इथे छापील कागदावर असलं मोघम माप!

कंपनीला फोन लावला. एक मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, रूम टेंपरेचर म्हणजे पंधरा ते पंचवीस डिग्री."

"बाई, ते सोलापुरात डिसेंबरात पहाटे असतं. आता एप्रिल चालू आहे."

"सर, तुम्ही नॉर्मल रूममध्ये ठेवा ना."

"आमच्या खोल्या नॉर्मलच आहेत. बाहेर त्रेचाळीस आहे."

तिने थांबा म्हणून गाणं लावलं आणि गाणं संपल्यावर फोन तुटला. मग मी तापमापी आणून घरातल्या सगळ्या खोल्या मोजल्या. स्वयंपाकघराबद्दल लिहीत नाही, पेशी काय, तिथे माणूस जगतं हेच आश्चर्य. त्यातल्या त्यात देवघर बरं. पण तेही तिशीच्या वरच.

उर्वीच्या पायांना सूज आली आहे. प्रवासाने असेल. तिला तिची चप्पल बसेना, माझी घालून फिरते आहे. हृषीकेशराव दुपारी परत गेले.

२४ एप्रिल

रांजणाचा प्रयोग. मोठा रांजण रिकामा केला, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं, आत विटेवर पेटी. तापमान झरझर उतरलं. मी प्रेमलाला हाक मारली, शाबासकीच्या अपेक्षेने.

"अहो," ती म्हणाली, "नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. काल भरलेला रांजण तुम्ही ओतला कुठं?"

"कुंड्यांना घातलं."

यानंतर जे बोलणं झालं ते पेटीशी संबंधित नाही म्हणून लिहीत नाही. संध्याकाळी गोणपाट वाळलं, तापमान होतं तिथे आलं आणि जेवायला काल उरलेली कडक भाकरी मिळाली.

२६ एप्रिल

पेटी देवघरात हलवली आणि त्यातून नवीच भानगड उभी राहिली. शेजारच्या काशम्मा सकाळी फुलं द्यायला आल्या. त्यांनी देवांच्या ओळीत पेटी बघितली, काही न विचारता तिला हळदकुंकू वाहिलं आणि नमस्कार केला. मी धावलो. ही वस्तू निर्जंतुक आहे, तिला हात लावायचा नाही, ही एका बँकेची आहे, असं मी समजावून सांगितलं. तिथेच चुकलो. दुपारी बाई पुन्हा आल्या, पदराखाली एक चपटी डबी घेऊन.

"साहेब, नाळेची बँक हाय म्हणं तुमच्याकडं. आमच्या विरेशची नाळ हाय ओ ही. हिलाबी ठेवून घ्या की."

विरेश म्हणजे त्यांचा मुलगा, रिक्षा चालवतो, त्याचीच मुलं शाळेत जातात. डबीत हळदीत ठेवलेलं, वाळल्या आल्याच्या तुकड्यासारखं काहीतरी होतं.

"अहो काशम्मा, ही वाळलेली आहे. यातल्या पेशी केव्हाच मेल्या."

"मेल्या कशा ओ? विरेश जिता हाय की!"

मी डबी त्यांच्याकडे परत सरकवली. त्या म्हणाल्या, "व्याज नको ओ साहेब, नुसती जागा द्या." शेवटी उर्वीने हसत हसत डबी ठेवून घेतली. हसता हसता ती मध्येच थांबली आणि कपाळ दाबत खाली बसली. उन्हाचं असेल.

२९ एप्रिल

आज डॉ. उत्कर्षांकडे तपासणी. वयाने उर्वीहून फार मोठ्या नाहीत, पण बोलणं स्वच्छ. वजन, रक्तदाब वगैरे झालं. रक्तदाब जरा वरच्या अंगाला आहे, गोळी सुरू करू, दर आठवड्याला दाखवायचंच, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काही दिसलं तर तसंच उठून यायचं, असं काहीतरी त्या प्रेमलाला नि उर्वीला सांगत होत्या. मी तोवर माझे प्रश्न काढून बसलो होतो.

शेजारच्या नववीतल्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक मी वाचून गेलो होतो. त्यात पेशीविभाजन दिलंय. एका पेशीच्या दोन होतात, आणि दोन्हींत सगळा ऐवज पूर्णच्या पूर्ण असतो. माझ्या नोकरीत मी एवढे व्यापारी बघितले, पण वाटून दोन्हीकडे पूर्ण माल भरलेला एकही नाही. तसं कुणी म्हटलं असतं तर मी खटला भरला असता.

"वाटायच्या आधी पेशी आतल्या सगळ्याची एक जोड तयार करून घेते, काका," डॉक्टर म्हणाल्या. "मग वाटते. म्हणून कुणालाच कमी पडत नाही."

"आणि मग मूळची पेशी कुठे जाते? ते पुस्तकात नाही."

"कुठे जात नाही. त्या दोघींतच असते. मूळपेशीची गंमत म्हणजे तिच्या दोनांतली एक बऱ्याचदा तशीच मूळ राहते आणि दुसरी जाऊन रक्ताची कुठलीतरी पेशी होते, लाल, पांढरी, लागेल तशी."

"म्हणजे एक माहेरी राहते, एक सासरी जाते," प्रेमला म्हणाली. हिला पुस्तक न वाचताच कळतं, याचा मला राग येतो.

मग मी माझ्या गुडघ्याचं विचारलं. पत्रकात सत्तरच्या वर आजार दिलेत, गुडघा त्यात बसतो का? डॉक्टर हसल्या. "आज तरी नाही. रक्ताच्या काही आजारांत, काही कर्करोगांत, थॅलेसेमियात उपयोग झालेला आहे, तोही पुष्कळदा भावंडाला. बाळाचंच रक्त बाळाला लागेल असं क्वचित. बाकी संशोधन चालू आहे. आणि पत्रक हे पत्रक असतं." पुढे म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. नाळ मी घाईने कापत नाही. नाळेतलं रक्त आधी बाळाचं. उरलं तर तुमच्या पिशवीचं."

हे सुबोधरावांना कसं कळवायचं याचा विचार करत घरी आलो.

२ मे

कळवलं. त्यांना फारसं आवडलं नाही. शिवाय दुसराच प्रश्न निघाला. प्रेमलाने मागच्या अंगणात शेवग्याखाली खड्डा खणून घेतलाय. जिथे नाळ पुरतात तिकडे माणूस वळून येतं, उर्वीची तिथेच पुरली होती, बाळाचीही पुरायची. सुबोधराव म्हणाले, करारात रक्ताबरोबर नाळेचा तुकडाही बँकेला द्यायचा आहे.

"रक्त तुम्हाला, नाळ आम्हाला," मी म्हणालो.

"शरच्चंद्रराव, नाळेतही पेशी असतात."

तासभर बोलून असं ठरलं की नाळेचे दोन भाग करायचे. बाळाकडचा भाग आपल्याकडे, उरलेला पुण्याला. नक्की कुठे कापायचं हे मोजून सांगायचं काम व्याह्यांनी आपण होऊन माझ्याकडे सोपवलं. पेढ्यांचं प्रकरण मिटलं असं समजायला हरकत नाही. उर्वी दिवाणावर पडून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, अजून ते माझ्या पोटात आहे, आणि तुम्ही त्याची वाटणी करताय." मी म्हटलं, वाटण्या वेळेवर केलेल्या बऱ्या असतात.

५ मे

मार्ग सापडला आणि तो नाकासमोर होता. घरातला एकमेव एसी उर्वीच्या खोलीत आहे. तिच्यासाठीच मागच्या महिन्यात बसवून घेतला. पेटी तिथल्या टेबलावर ठेवली, एसी चोवीसवर लावला. तापमापीचा काटा एका जागी थांबला आणि मला नोकरीतल्यासारखं समाधान वाटलं.

अडचण एकच. उर्वीला सारखं बाथरूमला जावं लागतं आणि दर वेळी दार उघडलं की गरम हवा आत शिरते. मी दारावर पाटी लावली, 'विनाकारण उघडू नये.' प्रेमलाने ती फाडली. मी दुसरी लावली, 'कारण असल्यासच उघडावे.'

मधल्या दिवसांत काही विशेष नाही. आठवड्याची तपासणी झाली, गोळी वाढवली.

१२ मे

उर्वी आजपासून दिवाणखान्यात झोपते आहे. मी तिला जा म्हटलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो. मी एवढंच म्हणालो की तुझ्या येण्याजाण्याने काटा वर जातो. ती पेटीकडे बघत राहिली. मग उशी उचलली आणि "तिला झोपू दे निवांत," म्हणून बाहेर आली. कूलर लावून दिलाय. वाळ्याचा वासही छान येतो.

प्रेमला माझ्याशी बोलत नाही. तिचं माझ्याशी न बोलणं फार मोठ्या आवाजात असतं.

१६ मे

प्रेमला श्रीपूरला गेली. तिथे साखर कारखान्यात तिचा भाऊ आहे, त्याच्या मुलीचं लग्न. जायला तयार नव्हती, उर्वीनेच बळेच पाठवलं. जाताना चारचारदा बजावून गेली, "उद्या उर्वीला तपासायला न्यायचंय. विसरू नका."

संध्याकाळी उर्वी म्हणाली, "बाबा, डोकं फार ठणकतंय. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय."

म्हटलं, मोबाईल कमी बघ. चष्म्याचा नंबरही बदलला असेल.

"आईला सांगू नका, ती लग्न टाकून येईल."

नाही सांगत म्हटलं. पेटी उत्तम आहे.

१७ मे

तपासणी उद्यावर ढकलली. दोघं गेलो तर पेटीपाशी कोण? आणि सकाळपासून वीज चार वेळा गेली. उर्वीच म्हणाली, उठवत नाही, उद्या आई आल्यावर जाऊ. तिचा चेहराही सुजल्यासारखा वाटतो. झोप जास्त झाली असेल, दिवसभर पडूनच आहे.

१८ मे

आजचं लिहायला बसलोय पण कुठून सुरू करू कळत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी प्रेमला परत आली. त्याच वेळी आमच्या गल्लीतली वीज गेली, दुरुस्तीसाठी दिवसभर बंद. मी दहा वाजता पेटी घेऊन निघालो. गार जागा म्हणून मोठ्या रस्त्यावरचं एटीएम माझ्या डोक्यात आधीपासून होतं. निघताना प्रेमला उर्वीच्या कपाळाला हात लावून बघत होती. "तिला न्यायचंय ना?" म्हणाली. मी म्हटलं, ही ठेवून आलोच.

एटीएममध्ये वीस होतं. सुंदर. पण पेटी ठेवून निघणार कसा? तिथल्याच एका खुर्चीत ती मांडीवर घेऊन बसलो. भिंतीवर 'आत मोबाईल वापरू नये' लिहिलंय, मी नियमाचा माणूस, मोबाईल बंद केला. रखवालदार भीमा मोडनिंबकडचा. थोडा वेळ त्याने बघितलं, मग आत आला.

"साहेब, ती माजी खुर्ची हाय. पैसं काढायचं न्हाईत व्हय?"

"नाही. जरा बसायचंय. या पेटीला गारवा लागतो."

"मासं हायत का?"

"नाही हो. मूळपेशी. म्हणजे अजून नाहीत, यायच्यात. माणसाचं मूळ असतं त्यात."

"माणसाचं मूळ गारव्यात ठिवायचं असतंय?" तो विचारात पडला. "आमच्यात मातीत पुरत्यात."

मी त्याला पेशीविभाजन सांगितलं. एकीच्या दोन, दोनाच्या चार, कुणालाच कमी नाही. त्याला ते लई आवडलं. आमच्या दोघा भावांच्या शेताचं असं झालं असतं तर बरं झालं असतं, म्हणाला. पैसे काढायला आलेली दोन माणसंही ऐकत थांबली. माझं बोलणं इतक्या लोकांनी इतक्या मन लावून कधी ऐकलं नव्हतं. मी आणखी सांगत बसलो.

काचेवर कुणीतरी थापा मारल्या. काशम्मांचा विरेश होता, बाहेर रिक्षा चालू. त्याने मला गावभर शोधलं होतं.

"काका, ताईला झटका आला. दवाखान्यात सोडून आलोय. फोन का बंद ओ तुमचा?"

रिक्षात बसल्याचं मला आठवत नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर प्रेमला होती. डॉ. उत्कर्षा हातमोजे घालता घालता बाहेर आल्या. "रक्तदाब फार चढलाय, त्यातून फिटचा झटका आला. बाळ आत्ता काढावं लागेल. काका, तिचं डोकं दुखत होतं का? डोळ्यांपुढे काही?"

प्रेमला म्हणाली, "नाही हो, काही बोलली नाही ती."

मी म्हणालो, "परवापासून."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टर आत गेल्या. प्रेमला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी संमतीच्या कागदावर सही केली.

१९ मे

मुलगी झाली. दिवस भरण्याआधीची, एक किलो आठशे. काचेच्या पेटीत ठेवली आहे.

उर्वी अजून शुद्धीवर नाही. मला भीती वाटते आहे. पहिल्या दिवसापासून वाटत होती, पण ती कशात मोजायची ते मला माहीत नव्हतं.

दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मी तो घेतला.

"एटीएममध्ये पांढरी पेटी तुमची का? रखवालदारानं नाव सांगितलं."

तेव्हा मला पेटी आठवली. काल मी बाहेर पडल्यावर भीमा जेवायला गेला, मागून कुणीतरी बेवारस पेटी म्हणून फोन केला. रस्ता बंद झाला, पथक आलं, कुत्रं आलं. कुत्रं आत गेलं आणि पेटीजवळ बसलं. असं बसणं म्हणजे धोका, म्हणून सगळे आणखी मागे सरले. बराच वेळ झाला तरी ते उठेना. शेवटी त्याला सांभाळणारा हवालदार म्हणाला, साहेब, ते एसीसाठी बसलंय.

"पेटीत आहे काय?" फोनवर विचारत होते.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? मग तिला इतकं जपत का होता?"

मी तोंड उघडलं आणि एकदम रडूच कोसळलं. पलीकडचा माणूस भला होता. "बरं बरं, सावकाश या घेऊन जायला," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

२० मे

उर्वीने पहाटे डोळे उघडले. बोलली नाही, पण प्रेमलाचं बोट धरलं.

सुबोधराव आणि हृषीकेशराव कालच पोचलेत. मी आज सुबोधरावांसमोर जाऊन उभा राहिलो. रक्त घेतलं गेलं नाही. घाईत नाळ, वार, सगळं दवाखान्याच्या कचऱ्यात गेलं. मोजून ठेवलेल्या वाटणीतलं ना तुम्हाला काही, ना आम्हाला. शिवाय तुमच्या नातीची आई मी तीन दिवस... असं सगळं मी पाठ करून गेलो होतो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "शरच्चंद्रराव, ती पेटी मी पाठवली होती," म्हणाले, आणि माझ्या शेजारी बाकावर बसले.

प्रेमला अजून बोललेली नाही. मात्र तिने दुपारी माझ्यासमोर डबा सरकवला. शेंगाची चटणी नि भाकरी. मी जेवलो.

२२ मे

सकाळी बाळांच्या खोलीतल्या रेश्मा सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "घरातलं कोण येतंय? बाळाला छातीशी धरायचंय. माणसाच्या अंगाची ऊब लागते हिला." हृषीकेशरावांना सर्दी झालेली, त्यांना आत मनाई. सुबोधराव अंघोळीला गेलेले. प्रेमला उर्वीजवळून हलायला तयार नाही. ती म्हणाली, "अहो, तुम्ही जा." चार दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"आजोबा, शर्ट काढा," सिस्टर म्हणाल्या.

परक्या बायकांसमोर उघडं बसायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सिस्टरांनी साबणाने हात धुवून घेतले, आरामखुर्चीत टेकून बसवलं आणि ती छातीवर ठेवली. बेडकीएवढी. डोक्यावर टोपी, नाकात नळी. वरून चादर गुंडाळली. मी श्वास घ्यायला घाबरत होतो. "घ्या श्वास," सिस्टर म्हणाल्या, "तोच ऐकून ती घेते."

मी बसून राहिलो. आत्ता या क्षणी हिच्या आत एकीच्या दोन नि दोनाच्या चार होतायत, कुणी न मोजता, असं मनात आलं. मोजायची इच्छा मात्र झाली नाही.

थोड्या वेळाने दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतून उर्वीला आणलं होतं. चेहऱ्यावरची सूज बरीच उतरलीय. खुर्ची अगदी माझ्या गुडघ्याला लावून उभी केली. मी ठरवलं होतं तसं बोलायला लागलो.

"उर्वी, तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं आणि लिहूनही ठेवलं. आणि तुला त्या खोलीतून..."

"बाबा, हळू. ती जागी होईल."

तिने हात पुढे केला, तो बाळाऐवजी माझ्या खांद्याला लागला. मग चाचपत चादरीवर आला.

"मला अजून नीट दिसत नाही," ती म्हणाली. "सगळं पुसट आहे. डॉक्टर म्हणाल्या, चार-आठ दिवसांत येईल. सगळे नुसतं छान आहे, छान आहे म्हणतात. कशी आहे ती, सांगा ना."

"कालपर्यंत एक किलो सातशे साठ. पहिल्यांदा उतरतं म्हणे, आता..."

"वजन नको, बाबा. ती कशी आहे ते सांगा."

मी मान वाकवली आणि बघितलं. इतका वेळ छातीवर होती पण मी बघितलं नव्हतं. सांगायला सुरुवात केली. कपाळावर बारीक लव आहे. भुवया नाहीत, नुसत्या रेघा. डाव्या कानाची पाळी दुमडलीय, झोपेत तुझी व्हायची तशी. ओठ सारखे हलतायत, कुणाला तरी रागावल्यासारखे, ते तुझ्या आईचे. मूठ घट्ट मिटलीय, त्यात माझे छातीवरचे केस धरून ठेवलेत, दुखतंय.

उर्वी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "आणखी," म्हणाली.

मी आणखी सांगत गेलो.